गुलमर्ग स्कीइंग सहलीतील विलंब, न मिळालेले प्रशिक्षण आणि परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
कोल्हापूर शाखा.

विषय : जानेवारीतील गुलमर्ग स्कीइंग सहलीत न मिळालेल्या सेवांची रक्कम रोख स्वरूपात परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कोल्हापूर शाखेमार्फत मी, माझे पती आणि आमची दोन मुले अशा चौघांसाठी यंदाच्या जानेवारीतील गुलमर्ग स्कीइंग सहलीची नोंदणी केली होती आणि तिचे २,८४,००० रुपये निघण्यापूर्वीच पूर्ण भरले होते. या रकमेत कोल्हापूर ते पुणे बस, पुण्याहून दिल्लीमार्गे श्रीनगरपर्यंतचा विमानप्रवास, गुलमर्गमधील मुक्काम, नवशिक्यांसाठी पाच दिवसांचे स्कीइंग प्रशिक्षण, स्की, बूट व पोल यांचे भाडे आणि गोंडोलाची (गुलमर्गच्या रोपवेची) तिकिटे यांचा समावेश असल्याचे आपल्या माहितीपत्रकात आणि पावतीवर स्पष्टपणे नमूद आहे. प्रत्यक्षात आम्हाला प्रशिक्षण मिळाले ते जेमतेम दीड दिवस. विलंब हवामानामुळे झाला असे उत्तर देऊन आपण त्या बदल्यात रोख रकमेऐवजी देऊ केलेले क्रेडिट व्हाउचर मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे आपल्या नोंदीवर असावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दिल्लीतील धुके किंवा श्रीनगरमधील हिमवृष्टी यांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. निसर्गापुढे वाहतूक थांबते हे कोल्हापूरकरांना कोणी समजावून सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आले तेव्हा त्याबद्दल कोणी कोणाकडे भरपाई मागितली नाही. परंतु त्याच महापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट-इंचांत लोकांपर्यंत पोहोचत होती, ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि त्या आकड्यांच्या आधारे जनावरे कधी हलवायची, दुकानातला माल वर कधी चढवायचा हे माणसे वेळेत ठरवत होती. आपल्याकडेही अशीच वेळेवर आलेली माहिती होती. ती आपण आमच्यापर्यंत पोहोचवली नाही, हा या तक्रारीचा मुख्य मुद्दा आहे.

आपली बस कावळा नाक्यावरून ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा सुटली आणि पुढे महामार्गाच्या रुंदीकरणामुळे वळणरस्त्यांवर आणखी रखडली, तरी आम्ही पुणे विमानतळावर वेळेत पोहोचलो, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. विमानतळावर गेल्यावर मात्र असे कळले की, पुणे–दिल्ली उड्डाणाची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळीच अडीच तासांनी पुढे ढकलण्यात आली होती आणि तसा संदेश नोंदणीतील संपर्क क्रमांकावर पाठवण्यात आला होता. तो क्रमांक आमचा नव्हता, आपल्या शाखेचा होता. विमान कंपनीने संदेशाची तारीख आणि वेळ ई-मेलने कळवली असून ती प्रत या पत्राला जोडली आहे. म्हणजे आम्ही बॅगा भरून कावळा नाक्यावर उभे होतो तेव्हाच, दिल्लीहून पुढचे विमान आम्हाला मिळणार नाही, हे आपल्या कार्यालयाला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते. त्या संध्याकाळी एक दूरध्वनी आला असता तर दिल्ली–श्रीनगर तिकिटांची वेळ बदलून घेता आली असती, कारण दुपारच्या उड्डाणात तोपर्यंत जागा शिल्लक होत्या.

दिल्लीतील अडचण केवळ उशिराची नव्हती. आपण या प्रवासाचे वर्णन ‘कनेक्टिंग फ्लाइट’ असे केले होते; प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या विमान कंपन्यांची, दोन वेगळ्या पीएनआरची, वेगवेगळ्या टर्मिनलवरची तिकिटे होती आणि त्यांच्यामध्ये जेमतेम दोन तासांचे अंतर ठेवलेले होते. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असती तर पुढच्या विमानात आमची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी ठरली असती आणि सामानही थेट श्रीनगरला गेले असते. स्वतंत्र तिकिटांमुळे सामान ताब्यात घ्यायचे, टर्मिनल बदलायचे आणि पुन्हा चेक-इन करायचे हे सगळे आमच्यावर पडले. विमान वेळेत आले असते तरी दोन तासांत हे जमले असते की नाही, याची मला शंका आहे. दुसऱ्या विमान कंपनीने आम्हाला गैरहजर ठरवून तिकिटे रद्द केली, आणि तिच्या नियमानुसार ते बरोबरच होते. जानेवारीत दिल्लीत सकाळी धुके असते हे सहल आयोजित करणाऱ्या कंपनीला नवीन असू शकत नाही. नोंदणीच्या वेळी मी याच कारणासाठी, एक रात्र दिल्लीत मुक्काम ठेवावा, त्याचा खर्च आम्ही देऊ, असे व्हॉट्सॲपवर लेखी सुचवले होते आणि त्यावर ‘गरज नाही मॅडम, आमचे नेहमीचे आहे’ असे उत्तर आपल्या प्रतिनिधीने दिले होते. त्या संभाषणाची प्रतही सोबत आहे.

यानंतरचा एक तपशील आपण आपल्या उत्तरात सोयीस्करपणे वगळला आहे, तो येथे नमूद करते. ज्या दिवशी आमचे विमान चुकले त्या दिवशी श्रीनगरचे आकाश मोकळे होते आणि तेथील उड्डाणे सुरू होती. बर्फामुळे उड्डाणे रद्द झाली ती दुसऱ्या दिवशी. आम्ही ठरल्याप्रमाणे पोहोचलो असतो तर ती हिमवृष्टी आम्ही गुलमर्गच्या हॉटेलच्या खिडकीतून पाहिली असती. आपल्या तिकीट-नियोजनामुळे ती आम्हाला दिल्लीत अडकून ऐकावी लागली. त्यामुळे ‘हवामानामुळे झालेल्या विलंबास कंपनी जबाबदार नाही’ हे आपल्या अटींमधील कलम पहिल्या दिवसाच्या नुकसानीला मुळीच लागू होत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे नुकसान पहिल्या दिवसातूनच उद्भवलेले आहे.

दिल्लीतील दोन रात्रींची सोय आम्ही स्वखर्चाने केली. आपल्या मदत क्रमांकावर ‘विमान कंपनीकडे हॉटेल मागा’ असे सांगण्यात आले आणि विमान कंपनीने, स्वतंत्र तिकिटाच्या पुढच्या प्रवासाशी आपला संबंध नाही, असे सांगितले. दुसऱ्या दिवसाची नवी तिकिटे आपण आमच्याकडून पैसे घेऊन काढलीत. ते उड्डाण रद्द झाल्यावर विमान कंपनीने पूर्ण रक्कम आपल्या खात्यात परत केल्याचे तिचे पत्र माझ्याकडे आहे, पण ती रक्कम अद्याप माझ्या खात्यात आलेली नाही. श्रीनगरला जाण्याचा दुसरा मार्ग नाही, असेही आपल्या टूर मॅनेजरने त्या संध्याकाळी सांगितले. जम्मू–श्रीनगर महामार्ग रामबनजवळ दरडींमुळे अनेकदा बंद राहतो हे खरे आहे, पण जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू आहे. तिकिटे मिळाली असती की नसती हा पुढचा प्रश्न होता, निदान चौकशी तरी व्हायला हवी होती. शेवटी तिसऱ्या दिवशीची विमान तिकिटे आमची आम्हीच शोधून काढली.

श्रीनगरहून आपण पाठवलेली गाडी तंगमर्गला थांबली. बर्फ पडल्यावर तेथून गुलमर्गपर्यंतच्या सुमारे १३ किलोमीटरच्या चढावर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात, ही दर हिवाळ्यातली व्यवस्था आहे आणि ती योग्यही आहे. मग भर हिवाळ्यातील स्कीइंग सहलीसाठी साधी गाडी का ठरवली, आणि साखळीच्या गाडीचे भाडे माहितीपत्रकात का नव्हते, याचा खुलासा आपण करावा. त्या गाडीचे पैसे आम्ही दिले. भाड्यावरून घासाघीस करण्यात गेलेला वेळ धरून आम्ही गुलमर्गला पोहोचेपर्यंत त्या दिवसाचा वर्ग संपलेला होता.

आता प्रशिक्षणाविषयी, कारण ही सहल आम्ही त्यासाठीच निवडली होती. काश्मीर पाहायला वर्षात कधीही जाता येते. मुलांना स्कीइंग शिकायचे होते. नवशिक्यांचा वर्ग टप्प्याटप्प्याने पुढे जातो. आधी सपाटीवर स्की घालून चालणे, पडणे आणि उठणे, मग स्कींची टोके एकमेकांकडे वळवून वेग आवरण्याचा स्नो प्लाव, मग लहान उतारावर वळणे. थांबता आल्याशिवाय वळायला शिकवत नाहीत, आणि हे एका दिवसात उरकता येत नाही, कारण मांड्यांचे स्नायू तेवढे साथ देत नाहीत. आमची तुकडी वळणांपर्यंत पोहोचलेली असताना आम्ही दाखल झालो. प्रशिक्षकांनी आमच्यासाठी स्वतंत्र वेळ काढून जे शिकवता येईल ते मनापासून शिकवले. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. परंतु शेवटच्या दिवशी दुपारी साहित्य परत करायचे असल्याने सगळे तिथेच आटोपले. तारखेनिशी काढलेली गोंडोलाची तिकिटेही तोवर बाद झाली होती.

मी विचारणा केल्यावर आपल्या तेथील प्रतिनिधीने जो पर्याय सुचवला, तो मला या संपूर्ण प्रकारातील सर्वांत गंभीर भाग वाटतो. ‘राहिलेल्या वर्गांऐवजी तुम्हाला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर नेतो, वरून स्की करत या, एका फेरीत सगळे वसूल होईल,’ असे ते म्हणाले. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीवरून पुढे जाणारा दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर नेतो आणि तेथील उतार सराईत स्कीपटूंसाठी आहेत. त्याच अफरवटच्या उतारावर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. ज्या आठवीतल्या मुलीला अजून नीट थांबताही येत नव्हते, तिला तेथून खाली सोडण्याची सूचना भरपाई म्हणून करणाऱ्या माणसाला आपण कोणते प्रशिक्षण दिले आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. आम्ही नकार दिला. आपल्या नोंदीत मात्र ‘ग्राहकांनी पर्यायी सेवा नाकारली’ असे लिहिलेले आहे. ती नोंद दुरुस्त करावी.

आपण पाठवलेल्या व्हाउचरची मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणजे ते जुलैअखेर संपते. गुलमर्गचा स्कीइंग हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतो. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत यंदाचा हंगाम उलटलेला असेल आणि पुढचा सुरू होईपर्यंत व्हाउचर बाद झालेले असेल. ज्या सेवेसाठी पैसे घेतले ती सेवा ज्या व्हाउचरवर मिळूच शकत नाही, त्याला परतावा म्हणणे मला पटत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. न मिळालेले प्रशिक्षण, त्या दिवसांचे साहित्यभाडे व गोंडोलाची तिकिटे, गुलमर्गमधील न वापरलेल्या दोन रात्रींचा मुक्काम, दिल्लीतील हॉटेल, तिसऱ्या दिवशीची विमान तिकिटे, साखळीची गाडी आणि विमान कंपनीने आपल्याकडे परत केलेले भाडे या सर्वांची बेरीज १,३६,५०० रुपये होते. हिशेब व पावत्या सोबत जोडल्या आहेत. मानसिक त्रासाची भरपाई मी या पत्रात मागत नाही. जे प्रशिक्षण मिळाले, जो प्रवास झाला आणि जो मुक्काम वापरला, त्याचे पैसे परत मागण्याचा माझा विचार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाशी संबंधित माहिती जाणूनबुजून न देणे याचाही समावेश आहे, आणि विमानाची बदललेली वेळ ही त्या प्रकारची माहिती होती, असे माझे म्हणणे आहे. याच अधिनियमानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या अटींमध्ये ‘सर्व वाद मुंबईच्या अधिकारक्षेत्रात’ असे छापलेले असले तरी मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तेथे शुल्कही लागत नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम नोंदणीच्या वेळी दिलेल्या बँक खात्यात जमा न झाल्यास मी तसे करीन, आणि तेव्हा मानसिक त्रासाची भरपाई व खर्च यांची मागणीही त्यात असेल.

याविषयी आपल्या शाखेतून येणारे दूरध्वनी कृपया थांबवावेत. रक्कम किती, केव्हा आणि कोणत्या खात्यात जमा करणार, तसेच अफरवटविषयीच्या सूचनेची चौकशी कोणी केली, हे मला लेखी कळवावे.

आपली,
(सही)
राजारामपुरी, कोल्हापूर