निनादला, शनिवारच्या शोआधी

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

काल "आई, पुन्हा तेच" म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. फिटच्या गोळीबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. शनिवारी तुमच्या क्लबात ‘अकिरा’ हा जपानी कार्टून पिक्चर लावताय, त्याबद्दलच लिहिते. बहुतेक पोरं पहिल्यांदा बघणार. ती कुठे शिट्ट्या मारतील, कुठे मोबाइल काढतील आणि कुठे उठून जातील, हे चालवणाऱ्याला आधी माहीत असावं.

पोस्टर फार सुंदर झालंय. चिऊने ते नानांच्या खोलीच्या दारावर लावलंय. नानांनी बराच वेळ बघितलं आणि "हे आपल्या निनूनं हातानं काढलं?" असं सगळ्यांना विचारत बसले. मीनामावशीलाही फोटो गेला.

तर सुरुवातीपासून सांगते. पहिल्या दृश्यात १६ जुलै १९८८ ही तारीख येते आणि टोकियोवर एक पांढरा गोळा फुगत जातो. पिक्चर जपानमध्ये लागला तोही त्याच तारखेला. या स्फोटाला आवाज जवळजवळ नाहीच. इथे मागून कोणीतरी हमखास "आवाज, आवाज!" ओरडतं, मशीनवरचा मुलगा घाबरून व्हॉल्यूम चढवतो आणि लगेच संगीताचा पहिला ठोका बसला की अख्खा हॉल दचकतो, स्पीकर फाटतात. तिथे कोणालाही हात लावू देऊ नकोस. लेव्हल आदल्या दिवशी ठरव, आणि तीही संवादांवर नको. मोटरसायकलींचा पाठलाग लाव आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहा. ठोका छातीत जाणवला आणि शेजारच्याचं बोलणंही कळलं, तर लेव्हल बरोबर. मग नॉबपाशी पट्टी चिकटव. रिकाम्या हॉलपेक्षा भरलेल्या हॉलला थोडा जास्त आवाज लागतो, कारण माणसं आवाज पितात, तेवढी जागा ठेव. गेइनो यामाशिरोगुमी या जपानी संगीतसमूहाचं संगीत आहे. बालीची बांबूची वाद्यं, जपानच्या जुन्या नोह नाट्यातलं गायन, माणसांचे श्वास. कॉलेजच्या दोन डबड्या स्पीकरवर त्यातलं निम्मं ऐकूच येणार नाही. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, भाड्याने आण, पैसे मी पाठवते.

पाठलागाला टाळ्या पडतील. मागचे लाल दिवे वळणावर रेघ सोडून जातात, बाइक पुढे गेली तरी रेघ क्षणभर मागे उरते, म्हणून वेग डोळ्यांत राहतो. आणि बाइकवाल्या टोळीचा म्होरक्या कानेदा बाइक आडवी घालून घसरत थांबतो, तिथे तर पोरं ओरडतीलच. हा तुकडा त्यांनी नकलांमधून इतक्यांदा बघितलेला असतो, मूळ समोर आल्यावर राहवत नाही. पण त्यासाठी प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन फ्रेम इंटरपोलेशन बंद कर. कंपनीनुसार नाव वेगळं असतं, ‘स्मूद’ किंवा ‘मोशन’ असं काही दिसलं की बंदच करायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. बरीचशी चित्रं दोन-दोन फ्रेम टिकतात आणि जिथे जोर हवा तिथे दर फ्रेमला नवं चित्र येतं. ही लय दिग्दर्शक ओतोमो आणि त्याच्या माणसांनी ठरवलेली आहे. मशीन मधल्या जागी स्वतःची चित्रं घुसवतं आणि मग त्या घसरण्यात वजनच उरत नाही. बघणाऱ्याला कारण कळत नाही, तो एवढंच म्हणतो की कसंतरीच दिसतंय. दीड लाखाहून जास्त सेल (पारदर्शक शीटवरची चित्रं) रंगवलेत या पिक्चरला, एका सेटिंगपायी ते वाया घालवू नका.

ऑडिओ जपानीच ठेव, खाली इंग्रजी सबटायटल. कोणीतरी इंग्रजी डबसाठी हट्ट धरेल, ऐकू नकोस. जपानमध्ये साधारणपणे चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर भरतात. इथे संवाद आधी रेकॉर्ड केले आणि त्यांवर ओठ काढले. कानेदाचा मित्र तेत्सुओ ओरडतो तेव्हा तोंड कसं वाकडं होतं ते बघ, दुसऱ्या भाषेत ते जुळत नाही. आणि कॉपी हक्काची असू दे. शो लावायची परवानगी वितरकाकडून लेखी घ्या, पेन ड्राइव्हवर कोणी आणून दिलेली फाइल नको.

आता अंधाराचं. या पिक्चरला ३२७ रंग वापरले, त्यातले ५० खास त्याच्यासाठी तयार केलेले, आणि बराचसा पिक्चर रात्रीचा आहे. हॉलमध्ये उजेड राहिला तर काळ्यातले निळे-हिरवे सगळे एक होऊन जातात. त्यामुळे तू पूर्ण अंधार मागणार हे मला माहीत आहे, आणि चित्राच्या बाजूने तुझं बरोबरच आहे. तरीही मागच्या भिंतीवर एक मंद दिवा ठेव. पडद्याकडे तोंड नको, भिंतीकडे वळवलेला, पडद्यावर त्याची झाक पडणार नाही असा.

का ते तुला ठाऊक आहे. १६ डिसेंबर १९९७ ला संध्याकाळी जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉनचा अडतिसावा भाग लागला. त्यात लाल आणि निळा उजेड सेकंदाला साधारण बारा वेळा आलटून पालटून लागला, तोही काही सेकंदच. ६८५ जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, बहुतेक मुलंच. बातम्यांमध्ये तोच तुकडा पुन्हा दाखवला तेव्हा आणखी काही जणांना त्रास झाला. त्या ६८५ जणांतल्या कित्येकांना आधी आयुष्यात कधी फिट आलेली नव्हती. मालिका चार महिने बंद ठेवली आणि १९९८ मध्ये तिथल्या वाहिन्यांनी लखलखाटाचे नियम केले. ‘खोली उजळ ठेवा, लांब बसून बघा’ ही पाटी जपानी कार्टूनच्या सुरुवातीला येते ती तेव्हापासून. ‘अकिरा’ या सगळ्याच्या नऊ वर्षं आधीचा. तेव्हा असं तपासायची रीतच नव्हती. त्यात पांढरे झोत आहेत, स्फोट आहेत, निऑन आहे, आणि शेवटी तर पडदाच पांढरा होतो.

सेकंदाला तीन ते तीस लखलखाट यात फिटचा धोका असतो, त्यातही पंधरा ते पंचवीस जास्त वाईट, आणि गडद लाल सगळ्यात वाईट. पडद्याने नजर जितकी व्यापली तितका त्रास वाढतो, म्हणून पहिल्या दोन रांगा बंद ठेव, खुर्च्याच उचलून टाक. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांनाच उजेडाचा त्रास असतो, पण तुमच्या वयात तो जास्त दिसतो. दारावर आणि प्रस्तावनेत स्पष्ट सांग की लखलखाट आहे. आणि त्रास वाटला तर दोन्ही डोळे मिटायचे नाहीत, पापणीतून उजेड लाल होऊन आत येतोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. हे तू इतरांना सांगशील, पण स्वतः करशील का? तू मशीनपाशी म्हणजे हॉलच्या मध्यात असणार. मागे बस ना. मशीनवर क्लबातल्या अद्वैतला बसव.

मिरजेला ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या तपासणीच्या, वेळी तो गोल दिवा तुझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. कागदावरच्या रेघा एकदम उंच व्हायला लागल्या आणि त्या बाईंनी दिवा पटकन बंद केला. तू "पुन्हा लावा ना, रंग दिसत होते" म्हणालास. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. तुला तेव्हा त्या दिव्यात चित्रं दिसत होती, आणि आज तू दुसऱ्यांना चित्रं दाखवतोयस, हे मी ताईआत्याला सांगताना माझा गळा भरून आला. पण त्या डॉक्टरांनी दिव्यापेक्षा झोपेबद्दल जास्त सांगितलं होतं. जागरण, चुकलेली गोळी आणि लखलखता उजेड, तिन्ही एका रात्री जुळू द्यायचे नाहीत. तू म्हणालास शुक्रवारी रात्रभर हॉल लावणार. त्याच रात्री जेवण चुकतं, जेवण चुकलं की नऊची गोळी राहते.

बघ, लिहायचं नाही म्हटलं होतं आणि लिहिलंच. राग धरू नकोस. तुला समजत नाही असं नाही, तुझ्याइतकं नेमाने कोणी घेणार नाही हेही मला माहीत आहे. पिक्चरकडे वळते.

मध्यावर हॉल सैल पडेल. मंत्र्यांची भांडणं, कर्नल, बंडखोर, पंथवाले असं सगळं एकदम येतं आणि मोबाइल उजळायला लागतात. "अकिरा आहे कोण?" हा प्रश्न शो संपल्यावर तुला सगळे विचारणार. त्यांना मंद समजू नकोस. ओतोमोची चित्रकथा १९८२ ला सुरू झाली आणि १९९० ला संपली. पिक्चर मध्येच, १९८८ ला आला. सहा जाड खंड आणि दोन हजारांहून जास्त पानं, ती १२४ मिनिटांत बसवली. खंडांमध्ये अकिरा जिताजागता मुलगा आहे, पिक्चरमध्ये बराच काळ नुसतं नाव आहे. खंडांतली मियाको महत्त्वाची बाई, इथे गर्दीत ओरडताना दिसते तेवढीच. कथा कळली नाही म्हणणाऱ्याशी वाद घालू नकोस, त्याला पहिला खंड दे. माझ्या मते कथेचा धागा एकच धरायला सांगावा. लहानपणापासून कानेदाच्या मागे मागे असलेला तेत्सुओ, आणि त्याला ते मागे असणं सहन होत नाही. हे प्रस्तावनेत दोन वाक्यांत सांगितलंस तर मध्ये कोणी हरवणार नाही.

हॉस्पिटलमधली खेळणी येतात तिथे आधी हसू येईल. टेडी, ससा, गाडी मोठी मोठी होत जातात, त्यांच्यातून दूध गळतं. मग तेत्सुओचा पाय काचेवर पडतो, रक्त येतं, आणि जी खेळणी त्याला घाबरवत होती तीच रक्त बघून पळतात. हसणारे तिथे गप्प होतात. त्यानंतर तो हॉस्पिटलातून उडून निघतो, मध्यंतर तिथेच घे. त्याच्या पुढे कुठेही तोडलंस तर शेवटच्या, स्टेडियममधल्या प्रसंगाचा ताण जाईल.

तेत्सुओची मैत्रीण काओरी, तिच्याबद्दल आधी सांगायलाच हवं. रस्त्यावर विदूषकांची टोळी तिच्यावर हात टाकते, कपडे फाडते, आणि शेवटी तिचा जीव जातो तो फार वाईट रीतीने, तेत्सुओच्या फुगत गेलेल्या मांसात चिरडून. मुली उठून जातात, मुलंही जातात. त्यांना "अरे, कार्टून तर आहे" म्हणणारा कोणी असेल तर त्याला गप्प कर. दरवाजा बंद ठेवू नका, बाहेर जाणाऱ्याला वाट मोकळी असावी.

हसू येईल अशी एक जागा वेगळी आहे. पिक्चरमधलं नवं टोकियो २०१९ चं, आणि पुढच्या वर्षी तिथे ऑलिंपिक. एका फलकावर स्पर्धेला १४७ दिवस उरल्याचं लिहिलंय आणि खाली कोणीतरी रंगाने खरडलंय, ‘रद्द करा’. २०२० च्या फेब्रुवारीत खरोखरच १४७ दिवस उरले होते, तेव्हा जपानी लोकांनी हे चित्र एकमेकांना पाठवलं. मार्चमध्ये स्पर्धा पुढे ढकलली गेली. ज्यांना माहीत असेल ते या फलकावर हसतील, बाकीचे त्यांच्याकडे बघतील.

शेवटानंतर दिवे लगेच लावू नकोस. श्रेयनामावली पूर्ण जाऊ दे, संगीत संपू दे. चर्चा कोणी सुरू करत नाही, पहिली काही मिनिटं पोरं नुसती बसून राहतात. त्यातून वाईट अर्थ काढू नकोस.

कोणाला फिट आलीच तर क्लबातल्या दोघातिघांना हे पाठ असू दे, तुला एकट्याला नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट काही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवायच्या, डोक्याखाली स्वेटर ठेवायचा, झटके थांबत आले की कुशीवर वळवायचं. सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आलं, तर १०८. अद्वैतला तुझ्याबद्दल माहीत आहे का? सांगितलेलं नसशील तर शनिवारच्या आधी सांग. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. मी सांगू का त्याच्या आईला? नको म्हणालास तर नाही सांगणार.

शुक्रवारी काम अकराला थांबव आणि उरलेलं शनिवारी सकाळी उठून करा. खुर्च्या, वायरी सकाळी होतात. मला फोन करू नकोस, फक्त मेसेजवर ‘घेतली’ एवढं लिही.

तुझी आई

ता. क. बाबा शनिवारी येतायत, तुला न विचारता तिकीट काढलंय. त्यांना मागच्या रांगेत दिव्याजवळ जागा ठेव. सबटायटलची अक्षरं पांढरी आणि काळ्या कडेची लाव, पिवळी त्यांना वाचता येत नाहीत.