एस कुणाचं?

अमळनेर,
आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीचा रविवार

प्रिय भावड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर तिथेच दिलं असतं, पण मी लिहायला लागलो की तू मधेच अंगठा पाठवून विषय संपवतोस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं असं, की आपल्या लहानपणच्या बंदुकांच्या व्हिडिओ गेमचा, म्हणजे 'कॉन्ट्रा'चा नवा भाग आला, त्यात एस ही गोळ्या पसरवणारी बंदूक आहे, ग्राफिक्स झकास आहेत, मग जुने लोक अजून कशाला कुरकुरतात? "तुम्हाला एस पाहिजे होतं ना, घ्या की मग!" हे तू ज्या सुरात म्हणालास तो सूर मला ओळखीचा आहे. आखाजीला आमच्या ओट्यावर मोठी माणसं पत्ते कुटत बसायची आणि आतल्या खोलीत तू याच सुरात ओरडायचास, "ते मनं शे (माझं आहे), हात लावू नको!"

तर आधी एसचं बोलू. जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम 1987 साली आर्केडच्या पेटीसाठी काढला आणि 1988 मध्ये निन्टेंडोच्या घरगुती मशीनवर आणला. आपल्यापर्यंत तो आला त्याला बरीच वर्षं गेली होती, आणि आला तो बोरीच्या पात्रात भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेतून, चायनाच्या डब्याबरोबर, म्हणजे निन्टेंडोच्या नकली मशीनबरोबर मिळालेल्या कॅसेटीत. कॅसेटीवर लाखो गेम लिहिलेले, आत तेच ते दहा-बारा फिरून फिरून. जपानी कॅसेटमध्ये म्हणे जंगलाची पानं हलायची आणि दोन लेव्हलच्या मधे नकाशा दिसायचा. युरोपातल्या पोरांना तर बिल आणि लान्स या दोन नायकांच्या जागी चक्क रोबो दिले होते, नावही बदलून 'प्रोबोटेक्टर'. आपली पानं हलली नाहीत, पण माणसं तरी माणसंच होती. निळ्या पँटचा तू आणि लाल पँटचा मी. पहिला रिमोट कायम तुझ्याकडे, कारण डबा तुझ्या मामांनी आणलेला. स्टार्टचं बटण त्याच रिमोटला होतं, त्यामुळे गेम सुरू कधी करायचा हेही तूच ठरवायचास.

उडत येणारी डबी फोडली की गरुडाचं चिन्ह बाहेर पडायचं आणि त्यावर अक्षर. आर म्हणजे गोळी जोरात. बी म्हणजे थोडा वेळ आपल्याला काही होत नाही. एम म्हणजे बटण दाबून धरलं की धडधड चालू, ठीकठाक. एफची आगीची गोळी गिरक्या घेत जायची, दिसायला भारी आणि ऐन वेळी नेमकी शत्रूच्या वरून निघून जायची. एल दमदार होता, पण घाईत पुन्हा बटण दाबलं की आधी सोडलेला किरण तिथेच विरायचा. आपल्या वयात घाई न करता बटण दाबणारं पोरगं अख्ख्या गल्लीत नव्हतं, म्हणून एल कुणालाच नको असायचा. आणि मग एस. एका दाबात पाच गोळ्या, हाताच्या पाच बोटांसारख्या पसरत जाणाऱ्या. नेम धरायची गरज नाही. शिवाय मोठ्या राक्षसाला अगदी चिकटून मारलं तर पाचही त्याच्याच अंगात.

त्यात आणखी एक खुबी होती, ती मला फार उशिरा कळली. पडद्यावर एका वेळी ठरावीकच गोळ्या राहू शकायच्या. लांबून मारलं की त्या पडदाभर फिरत बसायच्या आणि पुढचा बार निघायला वेळ लागायचा. जवळ जाऊन मारलं की लागल्या-लागल्या संपायच्या आणि पुढचा बार लगेच. म्हणजे एसचा खरा जोर भित्र्याला कधी मिळालाच नाही, अंगावर जाणाऱ्याला मिळाला. तू पुढे घुसायचास ते धाडसी म्हणून की बिनडोक म्हणून, हा वाद वेगळा. दोघांकडे एस असलं की माणसं लुकलुकायची आणि गेम जड चालायचा, आठवतं? आपण डब्यावर थापा मारायचो. दोष डब्याचा नव्हता. त्या मशीनला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं काढता यायची, नववं आलं की कुणीतरी गायब व्हायचं. एसच्या गोळ्यांनीच ती ओळ भरून जायची.

पण हे सगळं वाचून तू म्हणशील, हेच तर नव्यातही आहे. नाही भो, इथेच तुझं चुकतंय. जुन्यात बंदूक ठेवायला खण एकच होता. एस हातात असताना चुकून एल उचलला की एस गेलं. म्हणून एस मिळाल्यावर खरा खेळ सुरू व्हायचा, बाकीची अक्षरं चुकवण्याचा. वरून टप्पा खात येणाऱ्या एफखालून आपण अशा उड्या मारून पळायचो, जणू तोच शत्रू. आणि मेलं की सगळं गेलं, परत ती साधी एकेक गोळीची बंदूक. गोळी पायाला लागो की डोक्याला, हिशोब सारखाच. आणि उन्हाळ्यात भारनियमन. तिसऱ्या लेव्हलला एस घेऊन पोचावं आणि लाईट जावी. सेव्ह वगैरे भानगड नव्हती. लाईट आल्यावर पुन्हा जंगल, पुन्हा तो पायाखाली फुटत जाणारा पूल.

त्या तिसऱ्या लेव्हलचा हिशोब अजून बाकी आहे. धबधब्यावर वर-वर चढत जायचं असतं. जो पुढे चढतो तो पडदा ओढून वर नेतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या तळाला लागला की मेला. माझ्याकडे एस आहे असं दिसलं की तुला नेमकी तिथे वर जायची घाई व्हायची. मी मेलो की "मरी गया ना भो!" असं वर तोंड करून सांगायचास, आणि पुढच्या डबीतलं एस निवांत घ्यायचास. पोरांच्या खेळात असं राजकारण मी नंतर फक्त सोसायटीच्या निवडणुकीत पाहिलं.

तीस जीवांचा मंत्रही तूच पाठ केला होतास, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तो मुळात या गेमचा नव्हेच. 1986 साली 'ग्रेडियस' हा अंतराळयानाचा गेम घरगुती मशीनवर आणताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासायला फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही बटणं घातली आणि ती तशीच राहून गेली. 2020 साली ते वारले तेव्हा जगभरच्या लोकांनी श्रद्धांजली म्हणून हाच क्रम लिहिला होता. तीनच जीव असते तर आपण धबधबासुद्धा ओलांडला नसता, हे मान्य कर.

आता पुढचं झटपट सांगतो, कारण मधले बरेच गेम तू खेळलेलाच नाहीस आणि तरी मत देतोस. 1992 च्या तिसऱ्या भागात दोन बंदुका ठेवायची सोय आली. मेलं तर हातातली जायची, दुसरी शाबूत. तिथून पहिली कळ सैल झाली. खेळ म्हणून तो भाग झकासच, त्याबद्दल वाद नाही. मग 2002 मध्ये प्लेस्टेशन 2 वर 'शॅटर्ड सोल्जर' आला आणि त्यात डब्याच काढून टाकल्या. तीन बंदुका सुरुवातीपासून हातात, शेवटपर्यंत त्याच. एस नाही. लोकांचा आरडाओरडा सुरू झाला तो इथून, आणि तो रास्त होता. 2007 च्या 'कॉन्ट्रा 4' मध्ये एस परत आलं. तेच अक्षर दुसऱ्यांदा घेतलं की बंदूक आणखी जोरदार व्हायची. 2019 च्या 'रोग कॉर्प्स'मध्ये बंदुका तापून बंद पडायच्या. त्याबद्दल मी लिहीत नाही, सणासुदीला तोंड कशाला खराब करू. आणि मार्च 2024 मध्ये 'ऑपरेशन गालुगा', तुझा लाडका. तोच पहिला गेम नव्याने बांधलेला. दोन खण आहेत, दुसऱ्यांदा घेतलं की जोर वाढतो, आणि 'ओव्हरलोड' म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे हातातली बंदूक मुद्दाम खर्चून टाकायची आणि त्या बदल्यात एकदाच खास ताकद घ्यायची. हवं तर जीव जाण्याऐवजी तब्येतीची पट्टी लावता येते.

मी तो भाच्याच्या पीसीवर खेळलो. वाईट नाही. गोळ्या तशाच पसरतात, आवाजही कानाला बरा लागतो. पण दोन खण म्हटल्यावर मी पहिल्यात एस ठेवलं आणि दुसऱ्यात जे येईल ते घेत सुटलो. कुठलंही अक्षर चुकवायला पळालो नाही. भाचा शेजारीच बसला होता, त्यालाही त्याचं एस मिळालं. आम्ही भांडलो नाही. अर्धा तास खेळून तो म्हणाला, "मामा, आपण क्रिकेट लावू या का?"

ओव्हरलोडचं मात्र मी कौतुक करतो. हातातली लाडकी गोष्ट आपणच उडवून द्यायची, यात काहीतरी दम आहे. आणि 'कॉन्ट्रा 4' मधली एक गोष्ट मी कुठल्याही नव्या गेममध्ये ठेवीन. तिथे हातातली बंदूक खाली टाकता येते आणि जोडीदाराला ती उचलता येते. हे आपल्या वेळी असतं तर तू ती मला एकदा तरी टाकली असतीस का? मला माहीत आहे, नसतीस. पण टाकता येत असूनही टाकत नाहीये, हे मला दिसलं असतं, आणि मग ओट्यावरच्या पत्त्यांच्या डावापर्यंत आपलं भांडण ऐकू गेलं असतं.

म्हणून माझी मागणी 'एस परत द्या' अशी नाहीच, ते तर दिलं त्यांनी. मला एकच खण हवा. दोघं खेळत असताना पडद्यावर एकाच वेळी एकच एस यावं. बाकी पट्टी, दुकान, पातळ्या, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. तू म्हणशील हा म्हातारपणाचा हट्ट. असेल. पण तुझ्या मुलाला आणि माझ्या भाच्याला एका टीव्हीसमोर बसवून बघू, तो जुना डबा चालू झाला तर. डबा तुझ्या आईकडे माळ्यावर आहे, काकूंनी मला स्वतः सांगितलं. अॅडॉप्टर गेलाय, तो मी इथे बघतो. एका रिमोटचं ए बटण अडकायचं, ते साफ करून आण. अडकणारा रिमोट यंदा तुझा.

आखाजीला दोन दिवस आधी निघ, रेल्वेचं तिकीट आत्ताच बघ, मग रडू नकोस. वहिनींना सांग, खापरावरची पुरणपोळी आणि रस माय करणार आहे, त्यांनी डब्यात काही आणायचं नाही. मुलाला जंगलाची लेव्हल आधी दाखवू नकोस, मला त्याचं तोंड बघायचंय पूल फुटताना.

तुझा,
बंड्या

ता.क. डब्याच्या मालकीचा मुद्दा काढलास तरी पहिला रिमोट या वेळी पोरांचा. स्टार्ट तेच दाबतील.