आई-बाबा, ईशा एनडीएचा फॉर्म भरतेय

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
नंदाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू "इकडं सगळं बरं हाय, तुमचं सांग" म्हणत दोन मिनिटांत फोन ठेवतेस. म्हणून पत्र लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

ईशानं ठरवलंय. बारावी झाली की एनडीए, फौजेत अधिकारी व्हायला. डिसेंबरात यूपीएससीचे फॉर्म निघतील, ती भरणार. यंदा ३० मे रोजी खडकवासल्याच्या खेत्रपाल परेड ग्राउंडवरून मुलींची पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली, सतरा जणी. ते तिनं मोबाइलवर पाहिलं आणि त्या दिवसापासून पहाटे उठून पळायला जाते. ह्यांचं म्हणणं, हौस आहे, उतरेल. मला तसं वाटत नाही. ही तुमच्यावर गेलीय बाबा, एकदा मनात घेतलं की झालं.

आता मुद्द्याचं. नाताळच्या सुट्टीत ती तुमच्याकडे येणार आणि ओसरीवर बसून विचारणार, आजोबा, लढाईचं सांगा. तुम्ही काय सांगणार ते मला तोंडपाठ आहे. डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात ब्रह्मपुत्रा ओलांडून तुमची जंगी पलटण, पहिली मराठा, जामालपूरच्या पाठीमागे टांगाईलच्या रस्त्यावर जाऊन बसली. गावात पाकिस्तानची ३१ बलूच पलटण. ब्रिगेडियर क्लेरसाहेबांनी शरण येण्याची चिठ्ठी लिहिली आणि बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीतल्या मुन्शी नावाच्या माणसाच्या हाती पाठवली. त्यांच्या कर्नलचं उत्तर आलं: लेखणी बरी चालवता, पुढच्या खेपेला हातात स्टेनगन घेऊन भेटा. सोबत एक गोळी. इथं तुम्ही थांबता आणि मिशीवरून हात फिरवता. मग दहा तारखेची रात्र, अंधारात रस्त्यानं निसटू बघणारे बलूच, तुमच्या मोर्टार, सकाळी शरणागती. सोळा तारखेला ढाका, आणि त्र्याण्णव हजार कैदी. संपली गोष्ट.

गोष्ट चांगलीच आहे. आम्ही भावंडं तीवरच वाढलो. पण बाबा, तुम्ही सांगता त्या गोष्टीत कुणी मरतच नाही. ना आपलं, ना त्यांचं. उजाडल्यावर त्या रस्त्यावर काय दिसलं, हे तुम्ही माझ्या माहितीत एकदाच बोललात, दादाच्या लग्नाच्या आदल्या रात्री, मामांजवळ. मी आतल्या खोलीत हळदीची ताटं लावत होते. पडलेल्या पोरांच्या खिशात घरची पत्रं होती, उर्दूतली. "वाचता आली नाहीत ते बरंच झालं," म्हणालात. मामा काहीच बोलले नाहीत, पुन्हा विषय निघाला नाही. ईशाला हेही सांगा. सतरा वर्षांची आहे, पण ज्या कामाला निघालीय ते काम हेच आहे ना?

आणि आई, तुझी पाळी.

तू कायम म्हणतेस, मला काय ठाऊक लढाईतलं, मी घरी होते. घरी होतीस म्हणूनच तर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासूबाई अंथरुणावर, आणि पत्रावर पत्ता काय, तर नाव, नंबर, पलटण, "द्वारा ९९ एपीओ", म्हणजे फौजेचं टपाल. माणूस नक्की कुठं आहे ते त्या पत्त्यावरून कळत नाही, कळू नये म्हणूनच तो तसा असतो. बाबांच्या प्रत्येक पत्रात "मी येथे खुशाल आहे", आणि ते हाती पडेपर्यंत आठ-दहा दिवस उलटलेले, म्हणजे खुशाली शिळीच. गावात एक रेडिओ, शाळेचा. संध्याकाळी बातम्यांना गडीमाणसं पारावर गोळा व्हायची आणि बायकांनी त्यांच्या चेहऱ्यांवरून काय ते ओळखायचं.

गेल्या उन्हाळ्यात कुरडया घालताना तू मला त्या तारेचं सांगितलंस. बाबांना सांगू नको, असं काही म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहितेय. तार घेऊन पोस्टमन गल्लीत शिरला. आपल्या गल्लीतली चार पोरं तेव्हा फौजेत. बायका दारांत येऊन उभ्या, कुणी हाक मारेना, कुणी विचारेना. तो आपल्या दारावरून पुढं गेला आणि शिंद्यांच्या घरी थांबला. तार इंग्रजीत, ती वाचायला गुरुजींना मळ्यातून बोलावून आणेपर्यंत शिंदेकाकू उंबऱ्यात बसून राहिल्या. तू मला म्हणालीस, "पोस्टमन फुडं गेला तवा मला बरं वाटलं गं. त्याचंच मला अजून बरं वाटत नाही." शिंदेकाका जखमी झाल्याची ती तार होती. सुरुंगावर पाय पडला होता. त्यांना पुण्याला आणलं, वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, आणि पुढं त्यांनी गावात गिरणी टाकली, हे सगळ्यांना माहीत आहे. तू वर्षानुवर्षं आपलं दळण स्वतः न नेता आमच्या हातून का पाठवायचीस, ते मात्र मला आत्ता कळलं.

बाबा, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

तुमच्या छातीवर "पूर्वी स्टार" हे पदक आहे, संग्राम मेडल आहे, पलटणीच्या दप्तरात तुमचं नाव आहे. आईच्या वाट्याचं कुठंच नोंदलेलं नाही. तक्रार करत नाही, पण ईशानं ते ऐकावं असं मला फार वाटतं, कारण ती गेली तर आईच्या जागी मी असणार आहे. आता तार नाही, फोन असेल. तो वाजेल तेव्हा मी कशी उचलणार आहे, ते मला आईकडूनच शिकावं लागेल.

यंदाच्या मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून टाकलात ते आईनं सांगितलं. बरं केलंत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर रात्री अडीचला कराची बंदर बेचिराख झालं होतं, फटाके लावायचं ठरत होतं. सकाळी कळलं, असलं काही झालेलंच नाही. कराची खरी पेटली ती ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आपल्या मिसाइल बोटींनी. आणि पाचच दिवसांनी आपली खुकरी युद्धनौका बुडाली, कॅप्टन मुल्लांसह एकशे चौऱ्याण्णव जण घेऊन. ग्रुपवरच्या एकालाही खुकरी ठाऊक नव्हती. ज्यांच्या घरातून कुणी जाणार नसतं त्यांनाच लढाईची फार घाई असते, हे मी त्या चार दिवसांत पाहून घेतलं.

आत्याकडून मात्र खूप ऐकायला मिळालं. त्या एकाहत्तरला खडकीच्या क्वार्टर्समध्ये, मामा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा झाला की दिवे बंद. मामा डबल ड्यूटी करून यायचे आणि जेवता जेवता झोपायचे. गावात वीजच नव्हती तर ब्लॅकआऊट कसला, असं आई हसून म्हणते ते आठवलं. आत्याची त्या वेळची पत्रं आईनं जपलीत ना, ट्रंकेत? त्यांच्यावर पाच पैशांचं जादा तिकीट असेल बघा. सीमेपलीकडून एक कोटीच्या आसपास माणसं आली होती, त्यांच्यासाठी नोव्हेंबरपासून पत्रामागे पाच पैसे घ्यायचे. वेगळी तिकिटं छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच "रेफ्युजी रिलीफ" असा छाप मारला होता. छोटं सुखी कुटुंब आणि त्याच्या अंगावर निर्वासितांचा शिक्का. ईशाला मी हे सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आणि लढाई संपली म्हणून आईचं काय संपलं? बहात्तरचा पाऊस गेला. बाबा सीमेवर, तू खडी फोडायला. पुढच्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांतली एक तू. सुकडी खाऊन दिवस काढलेस. असो, ते तुला बोलायला आवडत नाही.

मागच्या महिन्यात मी ईशाला खडकीला घेऊन गेले. तिथं पॅराप्लेजिक सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलेले जवान तिथं राहतात, काही तर आयुष्यभरासाठी. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, एक जण तोंडात ब्रश धरून चित्र काढत होता. ईशा त्यांच्याशी गप्पा मारत बसली, मलाच सुचेना काय बोलावं. येताना तिला मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. आपल्या इस्लामपूरकडचे, फौजेच्या ईएमईमधले, १९६५ ला सियालकोट भागात गोळ्या लागल्या. १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहून सोनं आणलं, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रम करून. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली शेहेचाळीस वर्षं कशी गेली असतील, असं ईशानं विचारलं. मी काय सांगणार?

ज्यांच्या नावाच्या मैदानावर तिला परेड करायचीय, ते अरुण खेत्रपाल पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे, एकवीस वर्षांचे. एकाहत्तरला पश्चिम सीमेवर बसंतरच्या लढाईत पेटत्या रणगाड्यातून बाहेर ये म्हणून हुकूम आला तरी आले नाहीत. तारीख १६ डिसेंबर, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या तोच दिवस. ईशाला एवढं माहीत आहे. तिच्या टेबलासमोर त्यांचा फोटो लावलाय. पुढचं तिला माहीत नव्हतं. त्यांचे वडील, तेही फौजी, ब्रिगेडियर, २००१ साली म्हातारपणी आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्या ब्रिगेडियरच्या घरी उतरले त्यानं फार खातिर केली, आणि निघायच्या आधी सांगितलं की तुमच्या मुलावर गोळा मीच टाकला होता. बाबा, त्या वडिलांच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मला नाही, ईशाला सांगा.

तिला अडवा असं मी म्हणत नाही. चढवूनही देऊ नका. तुम्ही दोघं एकाच वेळी, एकाच जागी बसून सांगा, एवढंच मागणं आहे. आई, बाबा बोलायला लागले की तू चहा ठेवायला उठतेस, तसं या वेळी उठू नकोस. चहा ईशा करील, तिला येतो.

ह्यांच्याकडून नमस्कार. बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल आणि आईच्या बीपीच्या गोळ्या ईशाबरोबर पाठवते. येताना तिच्याजवळ गूळ देऊ नका, ह्यांची साखर वाढलीय. आत्याची पत्रं तेवढी द्या. स्वारगेटहून सकाळच्या एसटीत बसवून देईन. बाबा, तुम्ही फाट्यावर आणायला जायचं नाही. एकटी येते म्हणालीय, येऊ दे.

तुमची,
नंदा