किमतीसाठी मोबाइल नंबर कशाला?

कार कंपन्यांच्या संकेतस्थळांचे कौतुक करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. गाडी पडद्यावर गोल फिरवता येते, रंग बदलून पाहता येतो, हे खरेच. पण गाडी दारात येईपर्यंत एकूण किती पडेल, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न. नेमके तेच दडवलेले असते. गेल्या महिन्यात मी पिनकोड टाकला, तर मोबाइल नंबर मागितला. ओटीपी दिला, तरी आकडा नाहीच. चहा संपेपर्यंत दोन फोन मात्र आले : ‘सर, एकदा शोरूमला या, बसून बोलू.’

वास्तविक यात गुपित काही नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर ११ टक्के वाहन कर आहे. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर सुमारे ८८ हजार. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचे दरही सरकारच ठरवते. मग हा हिशेब नंबर न मागता का दाखवू नये? शोरूमच्या कोटेशनात गाडीच्या हाताळणीच्या नावाखाली वरून लावलेले ‘हँडलिंग चार्जेस’ त्यामुळे उघडे पडतील, हीच अडचण असावी.

– एक वाचक, सातारा