निकालाबरोबर रिक्त पदेही जाहीर करा

संपादक महोदय,

२०२४ साली कर्नाटकात दहावीच्या परीक्षेवर वेबकास्टिंगने (वर्गातील कॅमेऱ्यांच्या थेट प्रक्षेपणाने) नजर ठेवली गेली आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही वाढीव ग्रेस गुण देऊन. कडक परीक्षेला माझा विरोध नाही. खरे चित्र कळलेच पाहिजे.

पण निकाल घसरला की जाब फक्त मुख्याध्यापकांना विचारायचा, हे मला पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातील मराठी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, गणित-विज्ञानाला अतिथी शिक्षक येतो, तोही शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच उशिरा. त्या मुलांना बेळगाव शहरातील शाळांच्या रांगेत उभे करून टक्के मोजणे हा अन्यायच आहे. (घरी मराठी, बाहेर कन्नड, वर इंग्रजी, हे ओझे वेगळेच.)

शिक्षण खात्याने बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांचा निकाल माध्यमनिहाय जाहीर करावा. त्याच तक्त्यात प्रत्येक शाळेतील मंजूर व रिक्त पदे दाखवावीत. आणि जिथे निकाल कमी, तिथे नोटिसीआधी कायम शिक्षक पाठवावा.

– एक पालक, खानापूर