टायसन की अली

अरे लेका,

परवा खानापूर रोडवरच्या टपरीवर चहाचं पाणी झालं तरी तुझं एकच, टायसननं अलीला दोन राऊंडात झोपवला असता. तू निपाणीला गेलास आणि मी रात्री दीडपर्यंत मोबाईलवर बॉक्सिंगच्या जुन्या फाईटी बघत बसलो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

टायसन भारी, नाही कोण म्हणतंय. १९८६ ला विसाव्या वर्षी चॅम्पियन, आधीचा चॅम्पियन बर्बिक दुसऱ्याच राऊंडला आडवा. ग्लोव्ह गालाला लावून डोकं हलवत असा आत घुसायचा की समोरच्याला मारायला काय सापडायचंच नाही. पहिले चार राऊंड अलीचे हाल झाले असते, लिहून देतो. पण पुढं? १९९० ला टोकियोत डग्लसनं जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मार मार मारून त्याला लांब ठेवला आणि दहाव्यात गार केला की. मग अलीचा जॅब काय करेल?

१९७४ ची किन्शासातली अली-फोरमन फाईट परत बघ. फोरमन नुसता घण घालायलाय आणि अली दोरीला पाठ टेकून, कोपरं पोटाशी आवळून उभा. आठव्यात फोरमनचे हात जड झालेले दिसतात, तेवढ्यात अली सुटला, डाव्यानं डोकं वर आणलं आणि उजवा थेट तोंडावर. तो एवढा थोरला माणूस गोल फिरत खाली यायलाय, अलीचा उजवा परत उचललेला, पण मारला नाही. एवढंच मी चारदा मागं घेऊन बघितलं.

आणि अली-फ्रेझरच्या वेळी टायटल फाईट १५ राऊंडची होती बाबा. १९८२ ला मॅन्सिनीशी लढून कोरियाचा किम डुक-कू जिवानिशी गेला, त्यानंतर १२ वर आली. आपल्या मातीतली निकाली कुस्ती आणि मॅटवरची तीन-तीन मिनिटं, तसलाच फरक. तासभर झटणाऱ्याचा दमच वेगळा.

मार्सियानो कधी हरला नाही हे तुझं बरोबर. ४९ पैकी ४९ जिंकला खरा, पण हात आखूड, हल्लीच्या सहा फूट नऊ इंची फ्युरीपर्यंत पोचणार कसा? (तरी सहा इंचानं बुटक्या उसिकनं २०२४ ला फ्युरीला हरवलाच, म्हणून उंचीचंही लई कौतुक नको.)

काल गच्चीवर तीन मिनिटांचा टायमर लावून नुसते हवेत ठोसे मारले. दुसऱ्या मिनिटाला हात गळाले, वर शेजारची आजी विचारते, माश्या हाकलायलास काय रे?

जत्रेच्या कुस्त्यांना येणार असलास तर गाडी तूच आण, माझी पंक्चर हाय.

तुझाच