सूचना : अकोल्याच्या भेटीआधी प्रश्न लिहून द्या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या मंगळवारी आपण डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना भेटायला जात आहोत. तिथे प्रत्येकाचा संशोधनाचा विषय वेगळा असतो. कोणी अवजारांवर काम करतं, कोणी सौर ऊर्जेवर, कोणी मृद व जलसंधारणावर. तेव्हा प्रश्न नेमक्या माणसाकडे जायला हवा. आपण खारपाणपट्ट्यातले, विहिरींना खारं पाणी. शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी कसं टिकवायचं हे जलसंधारणाच्या प्राध्यापकांना जरूर विचारा, मला तरी हाच सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. तूरडाळ करणाऱ्या ताईंनी प्रक्रिया विभाग चुकवू नये. डाळ करायचं छोटं यंत्र, म्हणजे पीकेव्ही (पंजाबराव कृषी विद्यापीठ) मिनी दाल मिल, याच विद्यापीठानं तयार केलेलं आहे.

रविवारी संध्याकाळपर्यंत प्रश्न सचिवांकडे द्यावेत. माती-पाणी तपासणीचा अहवाल असल्यास सोबत आणावा.